मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि आपल्या समजुती

आपल्या शरीरांत पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या टोंकाजवळ, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचीं दोन मूत्रपिंडें असतात. एकेकाचें वजन सुमारें दीडशें ग्रॅम भरतें व आकार मुठीएवढा असतो. इतक्या लहानशा अवयवांत प्रत्येकीं सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या बसविलेल्या आहेत, आणि दोहोंतून मिळून चोवीस तासांत सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांतील बहुतेक सर्व रक्तांत परत घेतला जाऊन अवघा दीड-दोन लिटर मूत्ररूपानें बाहेर पडतो. रक्तदाब आंवरणें, रक्त वाढविणारा एक रस निर्माण करणें, हाडांस लागणारें जीवनसत्त्व उपयोगास योग्य करणें, हीं कामेंही ह्याच मूत्रपिंडांकडे सोंपविलेलीं आहेत. इतकें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं शरीरशास्त्राच्या पाठांत वाचलेलें असेल. प्रस्तुत लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे तें मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा सांपडत नाहीं.

तें असें कीं, ह्या अवयवांस जडणारा जुनाट विकार लंडनांत, टोकियोंत आणि पनवेलींत एकच असला, तरी तो ज्यास जडतो त्यास तो सर्वत्र सारखा दिसत नाहीं. प्रत्येक रोगी आपल्या आजाराकडे आपल्या घराच्या, आपल्या देवधर्माच्या, आपल्या स्वयंपाकघराच्या आणि आपल्या भाषेच्या चष्म्यांतून पाहतो. हा विकार तर मोठा अबोल आहे. मूत्रपिंडांची निम्म्याहून अधिक शक्ति क्षीण होईपर्यंत बहुधा कोठेंच कांहीं दुखत नाहीं. पायांवर सूज, भूक मंदावणें, रात्रीं वारंवार लघवीस उठणें, अंगास खाज सुटणें, थोड्या श्रमानें दम लागणें, हीं लक्षणें उशिरां येतात. आणि येतात तेव्हांही वय झालें, अशक्तपणा आला, उष्णता वाढली, वारा भरला, अशा कोणत्या तरी ओळखीच्या नांवाखालीं घरांत सामावून जातात. मधुमेह आणि रक्तदाब हीं ह्या विकाराचीं दोन मुख्य कारणें होत. परंतु तीं स्वतःच अबोल असल्यामुळें रोग्यास त्यांचा संबंध सांगूनही पटत नाहीं. शरीर कांहीं सांगत नसल्यामुळें रोगाचा अर्थ लावण्याचें सगळें काम समजुतीकडे जातें, आणि समजुती तर प्रत्येकाजवळ पिढीजात तयार असतात.

त्या समजुतींचें मूळ थोडें शोधून पाहूं. आपल्या प्राचीन वैद्यकांत 'वृक्क' हा शब्द आहे. परंतु चरकसंहितेंत वृक्क हे मेद वाहणाऱ्या स्रोतसांचें मूळ मानले आहेत, मूत्राचें नव्हे. मूत्राचें स्थान म्हणजे बस्ति. सुश्रुतानें त्याविषयीं एक दृष्टांत दिला आहे. कोरा मातीचा घडा तोंडापर्यंत पाण्यांत ठेवला असतां तो जसा बाजूंनीं पाझरून भरतो, तसा बस्ति सूक्ष्म मार्गांनीं मूत्रानें भरतो, असें तो म्हणतो. दृष्टांत सुरेख आहे, आणि गाळण्याची कल्पनाही त्यांत जवळजवळ आलेलीच आहे. मात्र ती गाळणी कोठें आहे तें त्या आचार्यांस दिसलें नाहीं. ह्याचा परिणाम असा झाला कीं, सामान्य मनुष्याच्या मनांतील शरीराच्या नकाशांत मूत्रपिंडास जागाच राहिली नाहीं. आपल्या भाषेंत काळजाचें पाणी होतें, पोटांत गोळा उठतो, डोकें फिरतें, हातपाय गळतात. परंतु मूत्रपिंडावर बेतलेला एकही वाक्प्रचार आमच्या तरी ऐकण्यांत नाहीं. मटणाच्या दुकानांतला 'गुर्दा' तेवढा परिचयाचा. आणि जेव्हां ह्या अवयवास लोकांच्या बोलण्यांत प्रवेश मिळाला, तेव्हां तो 'किडनी फेल झाली' ह्या भयंकर वाक्यानेंच मिळाला. परीक्षेंत नापास झालेला मुलगा पुढील वर्षीं पुन्हां बसतो. ह्या वाक्यांत तेवढीही आशा ऐकूं येत नाहीं.

म्हणूनच 'लघवी साफ होते ना? मग मूत्रपिंड ठणठणीत आहे,' असें पुष्कळांस मनापासून वाटतें. वस्तुतः लघवीचें प्रमाण यथास्थित असूनही तिच्यावाटे जावयाची घाण रक्तांतच सांचत राहूं शकते, आणि जावयास नको तें पौष्टिक द्रव्य, म्हणजे अल्ब्युमिन, बाहेर वाहून जाऊं शकतें. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलांतील डॉक्टर रिचर्ड ब्राइट हे रोग्याची लघवी चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापवीत. ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठली कीं अल्ब्युमिन जात आहे असें ताडीत. अंगावरची सूज, लघवींतील अल्ब्युमिन आणि मृत्यूनंतर आढळणारीं बिघडलेलीं मूत्रपिंडें ह्यांची सांगड त्यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत घातली. त्यामुळें पुढें शंभर वर्षेंपर्यंत हा विकार 'ब्राइटचा रोग' म्हणूनच ओळखला जात असे. एक चमचा आणि एक मेणबत्ती! आज तीच परीक्षा कागदाच्या पट्टीनें अर्ध्या मिनिटांत होते. तरी ती करून घेण्यास निरोगी दिसणारा मनुष्य जात नाहीं, कारण दुखत नसतां दवाखान्याची पायरी चढणें हें आपल्याकडे अपशकुनासारखें वाटतें.

आतां आपल्या पनवेलीकडे येऊं. हें गांव वैद्यकीच्या परंपरेचें आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं येथें धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला, आणि त्याचें नांव देशभर झालें. त्यामुळें येथील जुन्या घरांत वात, पित्त, कफ हे शब्द पाहुण्यांसारखे येत नाहींत, घरच्यांसारखे वावरतात. पुनर्नवा, गोखरू, चंद्रप्रभा हीं नांवें आजीच्या तोंडीं असतात. ह्या गांवाच्या एका अंगास खाडीकांठचे आगरी व कोळी, दुसऱ्या अंगास डोंगरपायथ्याच्या कातकरी व ठाकूर वाड्या; गांवांत ब्राह्मण, मराठे, कोंकणी मुसलमान, बेने इस्राएल, ख्रिस्ती, गुजराथी व्यापारी; आणि अलीकडे नव्या वसाहतींतून साऱ्या हिंदुस्थानांतून आलेलें लोक. पनवेलची महानगरपालिका २०१६ सालीं झाली, त्याच्या आधींच हें गांव शहर झालेलें होतें. एकाच दवाखान्याच्या बाकावर, एकाच रोगानें पीडलेले चार मनुष्य बसले असतील, तर त्यांच्या मनांत चार निरनिराळे रोग असावेत असा हा गांव आहे.

जुन्या वळणाच्या मनुष्यास वाटतें कीं ही 'उष्णता' आहे. लघवीस जळजळ झाली कीं 'उन्हाळी लागली' म्हणावयाचें, आणि धनेजिऱ्याचें पाणी, सब्जा, वाळ्याचें सरबत, शहाळें सुरू करावयाचें. साध्या उन्हाळीस ह्यानें बरें वाटतें ह्यांत संशय नाहीं. अडचण अशी कीं, बरें वाटलें म्हणजे रोग गेला असा आपला हिशेब असतो, आणि मूत्रपिंडाच्या विकारांत बरें वाटणें व बरें असणें ह्या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यास वाटतें कीं कोणी तरी करणी केली, अथवा नवस फेडावयाचा राहिला. तिसरा म्हणतो, हें प्रारब्ध आहे, भोगूनच संपवावें. चौथा, जो नव्या शहराचा रहिवासी आहे, तो कंबर दुखते म्हणून औषधाच्या दुकानांतून वेदनाशामक गोळी महिनोन्महिने घेत आलेला असतो. ती गोळी मूत्रपिंडास घातक होऊं शकते हें त्याच्या गांवींही नसतें. अडाणीपणा हा फक्त खेड्यांत राहतो असें मानण्याचें कारण नाहीं.

कातकरी-ठाकूर वाड्यांची गोष्ट थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे. भातशेतींत घोणस किंवा फुरसें चावलें, तर मनुष्य प्रथम भगताकडे नेला जातो. ह्या सापांचें विष रक्तावर चालतें. घोणशीच्या विषानें तर थोड्या तासांत मूत्रपिंडें बंद पडूं शकतात, आणि त्यांतून वांचलेल्यांपैकीं कांहींच्या मूत्रपिंडांस कायमचें वैगुण्य राहतें. मुंबईच्या हाफकिन संस्थेंत जी सर्पविषावरील लस तयार होत आली, ती वेळेवर टोंचली तर हा अनर्थ पुष्कळ अंशीं टळतो; भगताच्या अंगणांत गेलेला वेळ मात्र परत मिळत नाहीं. ह्यांत आणखी एक विचित्र योग आहे. सापावरचें औषध म्हणून आपल्याकडे ईश्वरी अथवा सापसंद नांवाची वेल प्रसिद्ध आहे. तिच्या मुळींत ॲरिस्टोलोकिक अम्ल असतें, आणि तें अम्ल मूत्रपिंडांस वाळवून टाकणारें विष आहे! ह्याचा शोध आपल्याकडे लागला नाहीं. तो युरोपांत लागला. बेल्जम देशांत वजन उतरविण्यासाठीं चिनी वनस्पतींचें चूर्ण घेतलेल्या कित्येक स्त्रियांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, आणि १९९३ सालीं तेथील डॉक्टरांनीं तें जगापुढें मांडलें. चूर्णांत ह्याच कुळांतील एक वेल आलेली होती. ब्रसेल्सच्या सुशिक्षित बाया आणि आपल्या डोंगरांतला भगत, दोघांचीही समजूत एकच होती कीं, झाडपाल्याचें तें निरुपद्रवी. ज्या वैद्यानें शास्त्र शिकून औषध दिलें त्याच्याविषयीं आम्ही हें बोलत नाहीं. ज्या पुडीवर नांव नाहीं, देणाऱ्याचा पत्ता नाहीं, आणि जींत कसलें भस्म आहे हें विचारण्याचीही सोय नाहीं, तिच्याविषयीं बोलत आहों.

परंतु समजुतींचें खरें राज्य भगताच्या अंगणांत नसून स्वयंपाकघरांत असतें. मूत्रपिंड दुर्बल झालें म्हणजे मीठ कमी करावें लागतें. पुढें पुढें पाणीही मोजून प्यावें लागतें. आणि पोटॅशियम नांवाचें द्रव्य ज्यांत विपुल आहे असे पदार्थ टाळावे लागतात, कारण तें रक्तांत सांचलें तर हृदयाची गति एकाएकीं थांबूं शकते. हे तीन नियम कागदावर लिहावयास तीन ओळी पुरतात. ते पनवेलच्या एका घरांत पाळून दाखविणें ही मात्र मोठी तपश्चर्या आहे.

मिठाचेंच पाहा. पनवेल-उरणच्या खाडीकांठीं पिढ्यान्पिढ्या मिठागरें पिकत आलीं. आगरी समाजाचें नांवही 'आगर' ह्या शब्दाशीं जोडलेलें आहे. पावसाळ्याची बेगमी म्हणजे सुकट, सुके बोंबील, खारे मासे, पापड, लोणचें. मीठ आपल्या भाषेंत निष्ठेचें चिन्ह आहे. खाल्ल्या मिठास जागणें हा आपला धर्म. आणि अळणी अन्न म्हणजे आजाऱ्याचें, निराधाराचें अन्न. अशा घरांतल्या आजोबांस डॉक्टरानें 'मीठ बंद' म्हटलें, कीं तें औषध वाटत नाहीं, शिक्षा वाटते. मग तडजोडी निघतात. 'सैंधव बाधत नाहीं, तें उपासाचें आहे,' ही पहिली. सैंधवही मुख्यतः तेंच सोडियमचें मीठ आहे, हें रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांनीं घरीं सांगावयास हरकत नाहीं. दुसरी तडजोड अधिक घातक: बाजारांत 'कमी सोडियमचें' म्हणून जें मीठ मिळतें त्यांत सोडियमच्या जागीं पोटॅशियम घातलेलें असतें, रक्तदाबाच्या निरोगी मूत्रपिंडाच्या मनुष्यास तें एक वेळ चालेल, ह्या रोग्यास तें विषवत्.

शहाळ्याची गोष्ट ह्याहून कठीण, कारण तेथें प्रेम आडवें येतें. कोंकणांत आजाऱ्यास भेटावयास जातांना शहाळें नेलें नाहीं तर भेट पुरी होत नाहीं. तें शीतल, शुद्ध, देवास चालणारें, आजाऱ्याच्या पोटांत ठरणारें. आणि पोटॅशियमनें भरलेलें! उन्हांत काम केलेल्या निरोगी मनुष्यास शहाळ्याइतकें उत्तम पेय नाहीं; परंतु ज्याचीं मूत्रपिंडें थकलेलीं आहेत त्याच्या उशाशीं ठेवलेलीं चार शहाळीं हीं चार संकटें होत. रोगी 'नको' म्हणाला तर पाहुण्यास वाईट वाटतें. पाहुण्यास वाईट वाटूं नये म्हणून रोगी पितो. तीच गत पाण्याची. 'पाणी भरपूर प्या, मूत्रपिंडें धुऊन निघतात,' हा उपदेश मूतखड्याच्या रोग्यास योग्य आहे, आणि तो इतका लोकप्रिय झाला आहे कीं ज्याची लघवी जवळजवळ बंद झाली आहे त्यासही लोक तोच करितात. मग तें पाणी पायांत उतरतें, फुप्फुसांत चढतें. आल्यागेल्या घरीं तांब्याभांडें पुढें येतें, चहा येतो. तो नाकारणें म्हणजे यजमानाचा अपमान. एका दिवसांत तीन घरीं जाऊन आलेल्या रोग्याचें मोजलेलें पाणी सकाळींच संपलेलें असतें.

उपवासाचेंही तसेंच. एकादशी म्हणजे पोटास विश्रांति अशी कल्पना. परंतु बटाटा, रताळें, शेंगदाणे, राजगिरा आणि वर सुका मेवा ह्यांनीं भरलेलें उपासाचें ताट ह्या रोग्यास नेहमींच्या भातापेक्षां जड. रमजानचे रोजे आजाऱ्यास माफ आहेत, हें धर्मशास्त्रच सांगतें. तरी वयोवृद्ध माणसें ती सवलत घेण्यास कचरतात, कारण चाळीस वर्षांचा नेम मोडतांना मनाला लागतें. भाजी चिरून पुष्कळ पाण्यांत भिजवावी, तें पाणी फेकावें व मग शिजवावी, म्हणजे तिच्यांतील पोटॅशियम कमी होतें. परंतु 'पाण्यांत सत्त्व जातें, तें फेकूं नये' असें आयुष्यभर ऐकलेल्या गृहिणीच्या हातून तें पाणी फेंकवत नाहीं.

असें असलें तरी संस्कृति ही केवळ अडसर आहे असें आमचें मत नाहीं. चातुर्मासांत एखादा आवडता पदार्थ वर्ज्य करण्याचा नेम आपल्याकडे प्रतिष्ठेचा आहे. वांगें सोडणारा, मीठ सोडणारा मनुष्य कोणाच्या दयेचा विषय होत नाहीं. उलट त्याचा नेम मोडूं नये म्हणून सारें घर जपतें, पाहुणाही आग्रह आंवरतो. डॉक्टराचें पथ्य जर घरांत 'आजोबांचा नेम' म्हणून शिरलें, तर तेंच अळणी अन्न अपमानाचें राहत नाहीं. येथें अन्न तेंच, मीठ तितकेंच कमी. बदललें तें फक्त नांव.

हार्वर्डचे आर्थर क्लाइनमन हे मानसरोगतज्ज्ञही आहेत आणि मानववंशशास्त्रज्ञही. त्यांनीं १९८० च्या सुमारास वैद्यांस असें सुचविलें कीं, रोग्यास उपदेश करण्यापूर्वीं त्याचें म्हणणें विचारावें: हें काय आहे असें त्यास वाटतें, कशामुळें झालें, आतांच कां झालें, आणि त्याची सर्वांत मोठी भीति कोणती. प्रश्न साधे आहेत. परंतु गर्दीच्या दवाखान्यांत ते कोण विचारतो? आणि विचारले तरी रोगी खरें उत्तर देतो काय? 'भगताकडे जाऊन आलों' हें वाक्य डॉक्टरापुढें उच्चारण्यास धैर्य लागतें, कारण तें ऐकून डॉक्टर रागावेल हें त्यास ठाऊक असतें. मग तो गप्प बसतो, मुळी चघळणें चालूच ठेवतो, आणि रक्ताच्या तपासणींतील आंकडे कां चढतात हें दोघांसही कळत नाहीं.

कधीं कधीं लोकांची समजूत शास्त्राच्या पुढेंही असते. वऱ्हाडांत पूर्णा नदीच्या खोऱ्यांत, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला 'खारपाणपट्टा' आहे. तेथील विहिरींचें पाणी खारें. ह्या पाण्यानेंच आमचीं मूत्रपिंडें जातात, असें तेथील गांवकरी पुष्कळ वर्षें सांगत आले. आंध्रांतील उद्दानम् आणि सिंहलद्वीपाचा उत्तरमध्य प्रांत येथेंही मधुमेह नसलेल्या शेतकऱ्यांत हा विकार मोठ्या प्रमाणांत आढळतो, आणि तेथेंही लोक प्रथम पाण्याकडेच बोट दाखवितात. नक्की कारण कोणतें, पाणी, ऊन, कीटकनाशकें कीं हीं सर्व मिळून, ह्याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप एकवाक्यता नाहीं. खेडुतांचें म्हणणें हंसण्यावारीं नेलें असतें, तर शोध सुरूच झाला नसता.

मूत्रपिंडें अगदींच थकलीं म्हणजे यंत्रानें रक्त धुवावें लागतें. नेदर्लंड्समधील काम्पेन गांवीं, महायुद्ध चालू असतां, विलेम कोल्फ ह्या तरुण डॉक्टरानें १९४३ सालीं सॉसेज भरण्याच्या नळीपासून असें पहिलें उपयोगी यंत्र तयार केलें. त्यावर पहिला रोगी वांचला तो १९४५ सालीं. आज पनवेलींतही ही सोय आहे, आणि महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेखालीं व २०१६ सालीं जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखालीं गरिबांस ती विनामूल्य मिळूं शकते. आठवड्यांतून दोन-तीन वेळां, दर वेळीं सुमारें चार तास. तरीही 'डायलिसिस लागलें म्हणजे संपलें' ही समजूत इतकी घट्ट आहे कीं, कित्येक लोक शेवटच्या घटकेपर्यंत तें टाळतात, आणि शेवटच्या घटकेस सुरू केल्यामुळें रोगी दगावला कीं समजूत आणखी घट्ट होते. दुसरे कांहीं जण दहा वेळां जातात, अंग हलकें होतें, भूक लागते, आणि 'आतां बरें झालें' म्हणून सोडून देतात. ताप उतरल्यावर औषध थांबवावें हा आपला अनुभव. हें औषध थांबविण्याचें नाहीं, हें कोणत्या शब्दांत सांगावें?

आमच्या मतें तो शब्द आपल्याच वैद्यकांत पडलेला आहे. आयुर्वेदानें रोगांचे साध्य, असाध्य आणि याप्य असे भेद केले आहेत. याप्य रोग म्हणजे जो समूळ जात नाहीं, परंतु उपचार चालू असेपर्यंत आटोक्यांत राहतो. सुश्रुतानें त्यास उपमा दिली आहे ती पडावयास आलेल्या घराची: नीट लावलेला टेकू घर तोलून धरतो, टेकू काढला कीं घर कोसळतें. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं भिंतीस टेकू लावणारा कोणताही शेतकरी ही उपमा ऐकतांक्षणींच समजेल. 'जुनाट' म्हटलें कीं त्यास वाटतें जुना झाला, म्हणजे निरुपद्रवी झाला. 'फेल' म्हटलें कीं वाटतें सर्वस्व गेलें. याप्य हा शब्द ह्या दोहोंच्या मधला आहे, आणि अडीच हजार मैलांवरून आणावा लागत नाहीं.

यंत्रास जोडण्यासाठीं रोग्याच्या हातांतील शीर व धमनी शस्त्रक्रियेनें एकत्र जुळवितात. त्या जागीं बोट ठेवलें तर वाहत्या रक्ताची थरथर लागते. ती थरथर म्हणजे रोग्याचा प्राण. त्या हातावर वजन घ्यावयाचें नाहीं, रक्तदाब मोजावयाचा नाहीं, घट्ट कांहीं घालावयाचें नाहीं. आतां रोगी जर सवाष्ण असेल, तर 'बांगड्या काढा' हें वाक्य उच्चारणाऱ्या परिचारिकेस आपण काय बोललों ह्याची कल्पना नसते. आपल्याकडे बांगड्या कधीं काढतात हें लहान मुलीसही ठाऊक आहे. त्या बाईचा नवरा बाहेर बाकावर जिवंत बसलेला असतो. ज्या समंजस परिचारिका आधीं सासूस बोलावून 'ह्या हातांतल्या दुसऱ्या हातांत भरा, एकही कमी करूं नका' असें सांगतील, त्यांचें काम रडारडीवांचून होईल.

स्त्रियांची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करूं. यंत्राहून चांगला उपाय म्हणजे दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविणें. अमेरिकेंत बोस्टन येथें जोसेफ मरे यांनीं १९५४ सालीं जुळ्या भावांत तें प्रथम यशस्वी केलें. हिंदुस्थानांत हें यश वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत १९७१ सालीं मिळालें. निरोगी मनुष्य एका मूत्रपिंडावर आयुष्य काढूं शकतो, म्हणून घरांतलें माणूस तें देऊं शकतें. आणि घरांतलें माणूस म्हणजे बहुधा आई किंवा पत्नी. आपल्या देशांत जिवंतपणीं अवयव देणारांत स्त्रिया अधिक, आणि ज्यांस अवयव मिळाले त्यांत पांचांपैकीं चार पुरुष, असा हिशेब आहे. ह्यास प्रेम म्हणावें तर तें आहेच. परंतु तो मिळवता आहे, तो गेला तर घर बुडेल, बाईचें काय, तिला दुसरें काय करावयाचें, हा हिशेबही त्यांत मिसळलेला असतो. तीच बाई स्वतः आजारी पडली म्हणजे तिच्यासाठीं वेगळें अळणी जेवण कोणी रांधीत नाहीं. सर्वांचें रांधून झाल्यावर ती आपल्यासाठीं निराळी चूल पेटवील, हें कोणास खरें वाटेल? ती सर्वांबरोबरचेंच, आणि सर्वांच्या मागून, उरलेलें जेवते. आमच्या ज्या वाचकांच्या घरीं असा आजार आहे त्यांनीं एक दिवस तिच्या ताटांत काय पडतें हें पाहावें.

मृत मनुष्याचे अवयव घेण्यास १९९४ च्या कायद्यानें मार्ग मोकळा केला, मेंदूचा मृत्यु म्हणजे मृत्यु हें त्यानें मान्य केलें. येथेंही समजुती उभ्या राहतात. छाती हलते, अंग उबदार लागतें, मग मेला कसा म्हणावा? आणि अपुऱ्या देहानें चितेवर गेला तर पुढच्या जन्मीं उणा जन्मेल, अशी भीति पुष्कळ हिंदु घरांत आहे. दफन करणाऱ्या समाजांत देह अखंड असावा ही भावना आहे. उलट आपली अस्थि देवांस देणाऱ्या दधीचीची कथा त्याच आजीनें नातवंडांस सांगितलेली असते, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनीं २००० सालीं अवयवदानास प्रेमाचें कृत्य म्हटलेलें आहे. म्हणजे प्रत्येक परंपरेंत भीतीही आहे आणि आधारही आहे. अपघाताच्या रात्रीं, दोन तासांत निर्णय करावयाचा असतां, कोणतें आठवेल हें त्यापूर्वीं घरांत कधीं बोलणें झालें होतें कीं नाहीं ह्यावर असतें. मरणाराच्या खिशांत संमतीचें पत्र असलें, तरी आपल्याकडे शेवटीं विचारतात तें घरच्यांसच.

२०११ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन जवळच्या नात्यांत आजी-आजोबा व नातवंडें यांचाही समावेश झाला. शाळेंत शिकणाऱ्या अल्पवयी मुलास जिवंतपणीं अवयव देण्याची मात्र सामान्यतः परवानगी नाहीं. आजीस तें देतां येतें, आणि नातवासाठीं पुढें होणाऱ्या आज्यांस डॉक्टर वयाकडे पाहून परत पाठवितात, तेव्हां त्या रागावून घरीं येतात.